ऐच्छिक काय आणि आवश्यक काय?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



शर्यतीच्या घाटाच्या, कोट्यवधी रुपये किमतीच्या मोटारींचा विषय समाजवादी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात निघावा याचे पुष्कळांना नवल वाटेल. ज्यांची सकाळ रेशनच्या दुकानापुढील रांगेत आणि संध्याकाळ कंत्राटी कामगारांच्या थकलेल्या पगाराच्या अर्जात जाते, त्यांनी फेरारी आणि पोर्शे यांच्या दरपत्रकात डोके का घालावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु भांडवलशाहीचा ज्याला अभ्यास करावयाचा आहे त्याने तिची भट्टी तेवढी पाहून भागत नाही. तिचा दिवाणखानाही पाहावा लागतो. दिवाणखान्यात ती अधिक मोकळेपणाने बोलते. गरिबाला विकताना ती काटकसरीची, स्वस्ताईची भाषा वापरते. श्रीमंताला विकताना तिला तसा आडपडदा ठेवावा लागत नाही.

या दरपत्रकांचा एक विशेष असा की त्यांत किंमत दोनदा लिहिलेली असते. पहिली किंमत गाडीची. ती वर्तमानपत्रांत छापून येते आणि तिच्यावरच चर्चा होते. दुसरी किंमत त्या गाडीवर ग्राहक आपल्या इच्छेने जे चढवून घेतो त्याची. कारखानदार त्याला ऐच्छिक सामान म्हणतो, बाजारात त्याला नुसते ‘एक्स्ट्रा’ म्हणतात. खरेदीची पावती होते तेव्हा ही दुसरी किंमत पहिलीच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकी सहज झालेली असते.

इटलीतील मारानेल्लो गावी फेरारी कंपनीचा कारखाना आहे. २०२३ साली कंपनीने साऱ्या जगात मिळून १३,६६३ मोटारी ग्राहकांच्या हवाली केल्या. २०२४ साली १३,७५२. वाढ झाली ती अवघ्या ८९ मोटारींची, शेकडा एकाहूनही कमी. याच काळात कंपनीचे उत्पन्न मात्र ५९७ कोटी युरोंवरून ६६७ कोटी ७० लाख युरोंवर गेले आणि निव्वळ नफा १२५ कोटी ७० लाखांवरून १५२ कोटी ६० लाखांवर पोहोचला. गाड्या जवळजवळ तेवढ्याच आणि नफ्यात मात्र शेकडा वीसहून अधिक वाढ, हे गणित सुटते कसे? अधिक महाग गाड्यांचे प्रमाण वाढले हे एक कारण झाले. दुसरे कारण कंपनीने आपल्या हिशेबात स्वतःच नमूद केले आहे. गाड्या आणि सुटे भाग यांच्या विक्रीतून जे ५७२ कोटी ८० लाख युरो आले, त्यांपैकी सुमारे पाचवा हिस्सा ग्राहकांनी आपापल्या फर्माइशीप्रमाणे करून घेतलेल्या जोडसामानाचा होता. पाचवा हिस्सा म्हणजे ११४ कोटी युरोंच्या घरात. सुट्या भागांची रक्कम त्यात मिसळलेली असल्याने हिशेब काटेकोर होणार नाही, तरी स्थूलमानाने दर गाडीमागे ऐंशी हजार युरोंच्या वर एवढा खर्च या ऐच्छिक सामानावर होतो. त्या वर्षीच्या दराने ते सत्तर लाख रुपयांपेक्षा अधिक भरतात. ही गाडीची किंमत नव्हे, गाडीवरच्या साजाची आहे.

हा साज असतो तरी कसला? यादीत चाकांच्या वरच्या पत्र्यावर बसवावयाची घोड्याच्या चित्राची ढाल असते. हा घोडा कंपनीचेच बोधचिन्ह आहे. म्हणजे कंपनीच्या नावाची जाहिरात आपल्या गाडीवर करण्यासाठी ग्राहक कंपनीलाच पैसे मोजतो. बैठकीच्या शिवणीचा दोरा कोणत्या रंगाचा हवा, सुरक्षापट्टा कोणत्या रंगाचा हवा, ब्रेकचा जो भाग चाकाच्या आऱ्यांतून जेमतेम दिसतो तो पिवळा हवा की तांबडा, अशा प्रत्येक आवडीला स्वतंत्र आकार आहे. भ्रमणध्वनी गाडीच्या पडद्याशी जोडण्याची जी सोय आपल्याकडे दहा लाखांच्या आतल्या साध्या मोटारींतही वेगळे पैसे न घेता मिळते, तिच्यासाठी फेरारीच्या काही गाड्यांवर अमेरिकेत चार हजार डॉलरच्या आसपास आकारणी होत असे. ती सोय पुरविण्यास कंपनीला फार खर्च येतो असे कोणी म्हणणार नाही. ज्याने एवढी गाडी घेतली तो एवढे देतो, हेच त्या किमतीचे कारण.

ज्यांनी मुलामुलींची लग्ने केली आहेत त्यांना ही युक्ती परकी वाटू नये. मंगल कार्यालयाचे भाडे ठरविताना वधूपिता शंभर-शंभर रुपयांसाठी घासाघीस करतो. भाडे ठरून विसार दिला की मग व्यासपीठाची फुले, दाराशी उभे राहणारे सनईवाले, गालिचा, जनरेटर, वाढपी असे एकेक पुढे येऊ लागते, आणि तेथे मात्र त्याची जीभ उचलत नाही. कारण आता तुलना करावयास दुसरे कार्यालय समोर नसते आणि चारचौघांत हात आखडता घेतल्याचे दिसू द्यावयाचे नसते. मोटारीच्या दुकानात नेमके हेच घडते. गाडीची मूळ किंमत प्रतिस्पर्ध्याच्या किमतीशी ताडून पाहता येते, म्हणून तेथे स्पर्धा आहे. दोऱ्याच्या रंगाची किंमत कोणी कोणाशी ताडून पाहत नाही, म्हणून नफा तेथे आहे. त्यात फेरारीचे धोरण पूर्वापार असे की बाजारात जेवढी मागणी असेल तिच्याहून गाड्या थोड्या कमीच काढाव्यात. गाडी मिळण्यासाठीच ज्याला दीड-दोन वर्षे थांबावे लागते, तो जोडसामानाच्या किमतीवर हुज्जत घालण्याच्या मनःस्थितीत नसतो. आपला क्रम चुकू नये एवढीच त्याला चिंता.

याहून मौजेचा प्रकार जर्मनीच्या पोर्शे कंपनीने केला. तिने २०१३ पासून ‘९१८ स्पायडर’ नावाची गाडी काढली आणि तिच्या बरोबर ९१८ प्रती विकल्या. अमेरिकेत तिची मूळ किंमत ८,४५,००० डॉलर होती. ज्याला तीच गाडी ४१ किलो हलकी हवी असेल त्याने आणखी ८४,००० डॉलर भरावेत, अशी योजना होती. गाडी हलकी करावयाची म्हणजे तिच्यातील काही सामान काढावयाचे आणि काही भाग अधिक हलक्या, अधिक महागड्या पदार्थांचे बसवावयाचे. किलोमागे दोन हजार डॉलर पडले, तेही वस्तू मिळण्याचे नव्हेत, कमी होण्याचे. पुढे ‘जीटी३ आरएस’ या गाडीवरही अशीच सोय अठरा हजार डॉलरना देण्यात आली आणि मॅग्नेशियमच्या चाकांसाठी आणखी तेरा हजार आकारण्यात आले. शर्यतीच्या मैदानावर वजनातील या फरकाने क्षणाचा काही अंश वाचतो, हे खरेच आहे. त्यातल्या किती गाड्या शर्यतीच्या मैदानावर जातात, हा प्रश्न विचारणे बहुधा असभ्यपणाचे ठरेल.

थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १८९९ सालीच हे सांगून ठेवले होते. नॉर्वेतून आलेल्या शेतकऱ्याचा हा मुलगा. त्याने असे दाखविले की रिकामटेकड्या वर्गाच्या दृष्टीने खर्चाचे मोल वस्तूच्या उपयोगात नसते, तो खर्च इतरांच्या नजरेस पडण्यात असते. व्हेब्लेनला बरोबर धरूनही त्याच्यापाशी थांबून चालणार नाही, कारण तो श्रीमंतांच्या स्वभावाचे वर्णन करतो. त्या स्वभावाचा कारखाना कोणी आणि कसा उभारला ते त्यात येत नाही. ते पाहण्यासाठी १९६४ सालच्या अमेरिकेत जावे लागते.

त्याच्या आधीचा इतिहास दोन वाक्यांत सांगता येतो. हेन्री फोर्डची ‘मॉडेल टी’ १९१४ पासून दहा-अकरा वर्षे फक्त काळ्या रंगात निघत असे, कारण सर्वांना एकच गाडी विकून ती स्वस्त करीत जाणे हे त्याचे सूत्र होते. जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोनने या सूत्राला छेद दिला आणि प्रत्येक खिशासाठी वेगळी, शिवाय दरसाल नव्या रूपाची गाडी काढण्याचा पायंडा पाडला.

१७ एप्रिल १९६४ रोजी फोर्ड कंपनीने न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ‘मस्टँग’ ही गाडी लोकांपुढे आणली. दिसायला ती स्पोर्ट्स कार होती. लांब नाक, आखूड पाठ. परंतु तिच्या पत्र्याखालचा बराचसा सांगाडा कंपनीच्याच ‘फाल्कन’ या साध्या कौटुंबिक गाडीचा होता. मूळ किंमत २,३६८ डॉलर ठेवली होती. ही किंमत मुद्दाम कमी ठेवलेली होती, कारण खरी विक्री तिच्यानंतर सुरू व्हावयाची होती. पांढऱ्या पट्ट्याचे टायर, रेडिओ, आठ सिलिंडरचे इंजिन, आपोआप बदलणारे गिअर अशी लांबलचक यादी ग्राहकापुढे ठेवण्यात आली. या गाडीमागचे सूत्रधार ली आयकोका यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात मोठ्या समाधानाने नोंदवून ठेवले आहे की २,३६८ डॉलरच्या गाडीवर ग्राहक सरासरी १,००० डॉलर नुसत्या ऐच्छिक सामानावर खर्च करीत होते. शंभरातील ऐंशी जणांनी पांढऱ्या पट्ट्याचे टायर घेतले. त्याच पुस्तकातील माहितीप्रमाणे पहिल्या वर्षात ४,१८,८१२ गाड्या खपल्या आणि पहिल्या दोन वर्षांत निव्वळ नफा ११० कोटी डॉलर झाला.

हे हजार डॉलर म्हणजे किती, हे त्या काळच्या मजुरीच्या मापाने मोजले पाहिजे. १९६४ साली अमेरिकेत कायद्याने ठरलेली किमान मजुरी तासाला सव्वा डॉलर होती. म्हणजे किमान वेतनावर राबणाऱ्या मजुराचे आठशे तास, आठवड्याला चाळीस तास धरले तर वीस आठवडे. मस्टँग घेणारे धनकुबेर नव्हते, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. ते कारकून होते, शाळामास्तर होते, नुकते नोकरीला लागलेले तरुण होते, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांच्या शेजाऱ्याकडेही मस्टँगच होती. जी वस्तू चार लाखांनी घेतली ती वेगळी दिसावी कशी? ती वेगळी दिसण्यासाठी यादीत खुणा करावयाच्या. सर्वांसाठी एकच सांगाडा काढल्याने उत्पादनाचा खर्च खाली आला, आणि तो सांगाडा प्रत्येकाला ‘फक्त माझा’ वाटावा म्हणून त्याच्याकडूनच वर पैसे घेण्यात आले. आज मारानेल्लोत जे शिल्पशाळेच्या थाटात चालते, त्याची रंगीत तालीम डेट्रॉइटच्या धावत्या पट्ट्यावर होऊन गेली होती.

येथपर्यंतची कथा करमणुकीची आहे. चैनीच्या वस्तूवर चैनीचे सामान चढविले, ज्याचे पैसे त्याने उधळले, कोणाचे काय गेले, असे कोणी म्हणेल. परंतु एकदा का गाडीचे ‘गाडी’ आणि ‘ऐच्छिक’ असे दोन भाग पाडण्याची सवय कारखानदाराला लागली की तिसरा प्रश्न उभा राहतो. कोणती वस्तू कोणत्या बाजूला टाकावयाची, हे कोण ठरविणार? आणि येथे करमणूक संपते.

मस्टँग ज्या गाडीला उत्तर म्हणून निघाली ती जनरल मोटर्सची ‘कॉर्व्हेअर’. तिची ‘मोंझा’ ही शौकीन आवृत्ती तरुणांत खपू लागली होती. या गाडीचे इंजिन मागे असे आणि मागच्या चाकांची जोडणी अशा तऱ्हेची होती की वेगात वळण घेताना चाक आत दुमडून गाडी अचानक घसरण्याचा, प्रसंगी उलटण्याचा धोका असे. पुढच्या बाजूला एक पोलादी दांडी बसविली की हा धोका कमी होई. ती दांडी कंपनीपाशी होती. १९६२ आणि १९६३ च्या गाड्यांवर ती निराळ्या सस्पेन्शनच्या संचात, ऐच्छिक सामान म्हणून मिळत होती. ज्याला ठाऊक असेल त्याने मागून घ्यावी, ज्याला ठाऊक नसेल त्याने वळणावर काय होते ते पाहावे. १९६४ च्या गाड्यांवर ती सरसकट बसविण्यात आली. राल्फ नेडर या तरुण वकिलाने १९६५ साली ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात हा सारा प्रकार चव्हाट्यावर मांडला. कंपनीने उत्तर म्हणून त्याच्यामागे खासगी गुप्तहेर लावले आणि मार्च १९६६ मध्ये तिच्या अध्यक्षांना सिनेटच्या समितीपुढे जाहीर माफी मागावी लागली. प्रामाणिकपणाने हेही सांगावयास हवे की १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी चाचण्यांनी ती गाडी तिच्या समकालीन गाड्यांहून विशेष वाईट नव्हती असा निर्वाळा दिला. त्याने नेडरचा मुद्दा कमकुवत होतो असे मात्र नाही. समकालीन गाड्या कशा होत्या, एवढेच त्यातून कळते. १९६६ सालीच अमेरिकेत वाहन-सुरक्षेचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६८ पासून तेथील नव्या मोटारींत सुरक्षापट्टे सक्तीचे झाले. त्यापूर्वी सुरक्षापट्टा हादेखील ‘एक्स्ट्रा’ होता. फोर्डने तो १९५६ साली इतर जोडसामानाबरोबर पैसे घेऊन देऊ केला होता.

सुरक्षापट्टा यादीच्या या बाजूने त्या बाजूला गेला तो कोणा कारखानदाराच्या सद्‍बुद्धीने गेला नाही. लोकांनी आरडाओरड केली, लोकप्रतिनिधींनी कायदा केला, तेव्हा गेला. भारतातही याहून वेगळे घडलेले नाही. चालकापुढची हवेची पिशवी, जिला सारे एअरबॅग म्हणतात, ती वर्षानुवर्षे महागड्या आवृत्त्यांत असे आणि स्वस्त आवृत्तीत नसे. ज्याने गाडीवर पन्नास-साठ हजार अधिक मोजले त्याची छाती मोलाची, इतरांची नाही, असाच त्याचा अर्थ होत होता. १ जुलै २०१९ पासून चालकासाठी ती सक्तीची झाली. त्याच्या शेजारी बसणाऱ्यासाठी १ एप्रिल २०२१ पासून नव्या गाड्यांत आणि त्यानंतर जुन्या नमुन्यांतही सक्ती आली. सहा पिशव्यांच्या सक्तीचा प्रस्ताव मात्र २०२३ साली सरकारने सोडून दिला. दुचाकीच्या मागच्या चाकाला अर्धेअधिक झाकणारी जी जाळी असते, जिला घराघरांत साडीगार्ड म्हणतात, ती मोटार वाहन नियमांत पूर्वीपासून सक्तीची आहे. मागे बसणाऱ्या बाईचा पदर चाकात जाऊ नये ही गरज कोणा नियम करणाऱ्याला वेळीच सुचली, हे आपल्या स्त्रियांचे भाग्य.

तेव्हा उच्चभ्रूंच्या मोटारींचे दरपत्रक हा सामान्य माणसाशी संबंध नसलेला विषय आहे, असे समजण्याचे कारण नाही. जी पद्धत तेथे पक्की होते तीच खाली झिरपत येते. २०२२ साली बीएमडब्ल्यू कंपनीने ब्रिटनसारख्या काही देशांत बैठकी गरम करण्याची सोय मासिक वर्गणीवर देऊ केली. तापणारी तार बैठकीत आधीच शिवलेली. कामगाराची मेहनत, तांबे, कापड सारे त्यात येऊन गेलेले. ग्राहकाने वर्गणी भरली की कळ चालू, नाही भरली की बंद. लोक संतापले आणि पुढल्याच वर्षी कंपनीला ती योजना मागे घ्यावी लागली. जमीनदार आणि सावकार यांच्या कारभाराचा ज्यांना परिचय आहे त्यांना यात नवे काही दिसणार नाही. विहीर खणली कुळाने. पाणी उपसण्याचा हक्क मात्र दरसाल विकत घ्यावयाचा.

राज्यसंस्था या यादीकडे कोणत्या नजरेने पाहते, याचा विचार महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांनी विशेष करावयास हवा. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर भागात एका भरधाव पोर्शे गाडीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. गाडी चालविणारा अल्पवयीन होता. अपघातानंतर परिवहन खात्याने जी माहिती दिली तिच्यातील एक आकडा कोरून ठेवण्याजोगा आहे. कोटीच्या वर किमतीची ती गाडी कायम नोंदणीशिवाय फिरत होती, कारण नोंदणीसाठी भरावयाचे १,७५८ रुपये भरले गेले नव्हते. विजेवर चालणारी गाडी असल्याने तिला रस्ताकर माफ होता. देणे होते ते एवढेच. ज्या दरपत्रकात नुसत्या रंगाच्या छटेला लाखांचा आकडा असतो, त्या दरपत्रकातून निघालेल्या गाडीला सरकारी नोंदीचे पावणेदोन हजार रुपये ऐच्छिक वाटले.

कराचेही तसेच. विजेच्या मोटारीवर, ती कितीही किमतीची असो, वस्तू व सेवा कर शेकडा ५ आहे. कामावर जाण्यासाठी कामगार जी पेट्रोलची स्कूटर हप्त्याने घेतो तिच्यावर २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत तो शेकडा २८ होता. त्यानंतर १८ झाला. परदेशी गाडीवर आयातशुल्क जबर असते हे खरे, परंतु ते परदेशी असल्याबद्दल लागते. कोटीची असल्याबद्दल नव्हे. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात महाराष्ट्र सरकारने तीस लाखांवरील विजेच्या मोटारींवर शेकडा ६ कर प्रस्तावित केला आणि तो महिना संपण्यापूर्वीच मुख्यमंत्र्यांनी तो लावणार नसल्याचे सांगून टाकले. प्रदूषण कमी करावयाचे आहे, हे कारण देण्यात आले. धूर कमी करावयाचाच असेल तर ज्या बसगाड्यांतून लाखो लोक प्रवास करतात त्यांची संख्या वाढविणे हा सरळ मार्ग आहे. पण बसमध्ये ऐच्छिक सामान बसविता येत नाही.

डॉ. राममनोहर लोहिया यांनी ऑगस्ट १९६३ मध्ये लोकसभेत तीन आण्यांचा प्रश्न उभा केला तेव्हा सरकारी बाकांवरून त्यांच्या हिशेबाची चेष्टा झाली होती. देशातील सत्तावीस कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात, असे त्यांचे म्हणणे होते. आकडा तीन आण्यांचा की पंधरा आण्यांचा यावर तेव्हा वाद रंगला. परंतु ज्या प्रश्नासाठी तो आकडा होता तो खर्चाच्या दरीचा होता. लोहियांनी नुसते उत्पन्नावर बोट ठेवले नाही, खासगी खर्चावरही मर्यादा असावी असे ते म्हणत. ही कल्पना अव्यवहार्य म्हणून त्यांच्याच काही सहकाऱ्यांनी बाजूला सारली. एका गाडीच्या साजावर सत्तर लाख रुपये खर्च होतात हे समोर असताना ती कल्पना पुन्हा एकवार तपासून पाहण्यास हरकत नसावी. निदान अशा खर्चावर स्थिर आणि चढता कर असावा, ही मागणी तरी अव्यवहार्य म्हणता येणार नाही.

आता एक आक्षेप, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. श्रीमंतांनी हा खर्च केला नाही तर ती शिवण घालणाऱ्या, तो रंग देणाऱ्या कामगाराच्या पोटाचे काय? मारानेल्लो हे गाव मोदेना प्रांतात येते. ९ जानेवारी १९५० रोजी मोदेनातील ओतशाळेपुढे कामगारांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि सहाजण ठार झाले. शेजारच्या बोलोन्या शहरात १९४५ पासून १९९९ पर्यंत महापौर डाव्यांचा असे. जगातील सर्वांत शौकीन मोटारी अशा लाल मातीत घडतात, हा इतिहासाचा विनोद म्हणावयाचा. तेथील कामगाराला चैनीच्या मालाविरुद्ध प्रवचन देऊन काही साधणार नाही. त्याला तो माल कोणासाठी आहे हे पुरते ठाऊक आहे. तो विचारतो, त्यात वाटा किती?

वाट्याचा हिशेब असा. २०२४ च्या कामगिरीबद्दल फेरारीने इटलीतील आपल्या सुमारे पाच हजार नोकरांना प्रत्येकी जास्तीत जास्त १४,४०० युरो बक्षीस जाहीर केले. वृत्तपत्रांनी या औदार्याचे कौतुक केले, आणि इतर कारखान्यांशी तुलना करता ते अगदीच अनाठायी नव्हते. सर्वांना पूर्ण रक्कम मिळाली असे धरले तरी बेरीज सव्वासात कोटी युरोंच्या आतच राहते. निव्वळ ऐच्छिक सामानातून आलेले उत्पन्न तिच्या सोळापट आहे. दुसऱ्या शब्दांत, एका गाडीवरचा साज म्हणजे जवळजवळ सहा कामगारांचे वर्षाचे बक्षीस.

तेथून फार दूर नसलेल्या सांत'आगाता बोलोन्येझे येथे लॅम्बोर्गिनीचा कारखाना आहे. ट्रॅक्टर बनविणाऱ्या एका कारखानदाराने १९६३ साली तो सुरू केला. त्या कारखान्यातही ग्राहकाच्या मर्जीप्रमाणे साज चढवून देणारे स्वतंत्र खाते आहे आणि नफाही भरभक्कम आहे. तेथील कामगार संघटनांनी त्या नफ्यातून नुसते पैसे मागितले नाहीत, वेळ मागितला. डिसेंबर २०२३ मध्ये झालेल्या कराराप्रमाणे दोन पाळ्यांत काम करणाऱ्यांना एक आठवडा पाच दिवसांचा आणि पुढचा चार दिवसांचा मिळू लागला. वर्षाकाठी २२ दिवस काम कमी. रात्रपाळी धरून तीन पाळ्यांत राबणाऱ्यांना एका पाच दिवसांच्या आठवड्यामागे चार दिवसांचे दोन आठवडे. वर्षाकाठी ३१ दिवस काम कमी. पगारात कपात नाही, उलट पाचशे नव्या माणसांची भरती करण्याचे कंपनीने मान्य केले. एवढ्या सुट्टीने कारखाना बुडेल अशी भीती अशा वेळी नेहमी घातली जाते. लॅम्बोर्गिनीने २०२३ साली १०,११२ गाड्या विकल्या होत्या. करारानंतरच्या वर्षी, २०२४ साली, तिने १०,६८७ विकल्या.